'नोस्फेरातू' (१९७९) : रीतसर खरेदीखत करून आलेलं भूत

बर्डीवाला (धागाकर्ता)

मंडळी, आधीच सांगतो, पुढे रसभंग आहे, शेवटासकट. इतक्या जुन्या सिनेमाचा शेवट लपवत बसायचा मला कंटाळा आहे.

१९९० चा मे महिना. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी लग्नाचे पाहुणे आणि एका रात्रीसाठी भाड्याने आणलेला व्हीसीआर. त्या काळची रीत ज्यांना आठवते त्यांना आठवेल: व्हीसीआर आणि चार कॅसेटा रात्रभर, सकाळी नऊच्या आत परत. टीव्ही मात्र घरचाच, ब्लॅक अँड व्हाइट. रंगीत टीव्हीचं भाडं वेगळं होतं आणि तिथे वडिलांनी हात आखडला. तीन हिंदी सिनेमे झाले. चौथी कॅसेट कोणी मागितलीच नव्हती, लायब्ररीवाल्याने संख्या भरायची म्हणून टाकली होती. पट्टीवर बॉलपेनने लिहिलं होतं, "ड्राकुला इंग्लिश". ते वाचून उरलेसुरले पाहुणेही गच्चीवर झोपायला गेले. राहिलो मी आणि आजी. आजी म्हणजे वडिलांची आत्या, पंच्याहत्तरी ओलांडलेली. तिला झोप येत नसे.

आवाज वाढवायची सोय नव्हती. आणि वाढवला असता तरी पाठीमागे कूलर असा घरघरत होता की ऐकू काही आलंच नसतं. थोडक्यात, जर्मन दिग्दर्शक हेर्झोगचा रंगीत, बोलका सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो बिनरंगाचा आणि मुका. कित्येक वर्षं मला वाटत होतं की तो १९२० च्या सुमाराचा मूकपटच आहे!

सुरुवातीला भिंतीला टेकवून उभी केलेली वाळलेली प्रेतं दिसतात. ती नकली नाहीत. मेक्सिकोतल्या ग्वानाहुआतोच्या ममी आहेत त्या. हेर्झोगने त्या काचेच्या पेट्यांतून बाहेर काढून लहानापासून म्हाताऱ्यापर्यंत ओळीने लावल्या आणि चित्रित केल्या. हे मला पुढे वाचून कळलं. त्या रात्री आजी एवढंच म्हणाली, "लेकराचंबी तोंड उघडंच राहिलं पहा."

मग गोष्ट सुरू होते. विस्मार गावातला जोनाथन हार्कर (ब्रूनो गान्झ) हा घरांच्या व्यवहारातला माणूस. त्याचा मालक रेनफिल्ड खुदुखुदु हसत त्याला सांगतो की ट्रान्सिल्व्हेनियातल्या एका काउंटला (सरदाराला, हाच ड्रॅक्युला) आपल्या गावात घर घ्यायचंय, जा, सही घेऊन ये. बायको ल्यूसी (इझाबेल अजानी) नको म्हणते. हा जातो. वाटेतल्या खानावळीत सगळे नको म्हणतात. घोडा कोणी देत नाही. गाडीवाला म्हणतो, तिकडे रस्ताच नाही. तर हा पायी जातो.

आता माझं सांगतो. गेली तीस वर्षं मी नागपुरातच, बर्डीत, दस्तलेखनाचं काम करतो. खरेदीखतं, इसारपत्रं, हक्कसोड. हा सिनेमा मी आजवर सहासात वेळा पाहिला असेल, आणि दर वेळी मला घाम फुटतो तो सहीच्या प्रसंगाला. काउंट (क्लाउस किन्स्की) समोर बसलाय. टक्कल, पांढरंफटक तोंड, वटवाघळासारखे कान, आणि सुळे नाहीत. पुढचे दोन दात लांब, उंदरासारखे. कागद मांडलेत. तेवढ्यात त्याला हार्करजवळचं ल्यूसीचं चित्र दिसतं. संपलं. किमतीवर घासाघीस नाही, घराची चौकशी नाही, पुढच्या क्षणी सही. सर्च रिपोर्ट न मागता, चतुःसीमा न वाचता, सांगाल त्या भावात सही करायला निघालेला गिऱ्हाईक माझ्यासमोर आला की मी पेनाचं टोपण लावून ठेवतो. ह्या माणसाला घर नकोय, दुसरं काहीतरी हवंय. हार्करला हे कळत नाही. नवीन आहे पोरगा.

म्हणूनच म्हणतो, हे भूत कोणाच्या मानगुटीवर झडप घालून आलेलं नाही. रीतसर आलंय. मालकाने पत्र पाठवलं, कारकून कागद घेऊन गेला, मोबदला ठरला, सही झाली, माल जहाजात चढला. मालात मातीने भरलेल्या काळ्या शवपेट्या, पेट्यांत उंदीर. दचकवणारी एकही जागा सिनेमात नाही. जेवणाच्या टेबलावर हार्करचा अंगठा कापतो तेव्हासुद्धा काउंट आधी काळजीनेच बोलतो: सुरी जुनी आहे, विष भिनेल, रक्त ओढून काढू द्या, फार जुना उपाय आहे हा. अगत्य! खानदानी यजमानासारखं. आणि मग खुर्च्या मागे सरकतात, हार्कर मागे मागे, काउंट पुढे पुढे. तिथे मी पहिल्यांदा आजीच्या पदराचं टोक धरलं. माझं वय तेव्हा सोळा होतं, मिशी फुटलेली.

जहाज गावाच्या कालव्यात शिरतं. सुकाणूपाशी मेलेला कप्तान. घाटावर कोणी नाही. जहाज सावकाश येऊन टेकतं आणि उंदीर उतरू लागतात. शेकडो, हजारो. आजी पुढे सरकली, चष्मा पुसला आणि म्हणाली:

"अरे, हे उंदीर मरून काऊन नाही राहिले? पयले उंदीर पडतेत, मंग माणसं."

तिच्या आईने पाहिलेला प्लेग तिने तोंडी ऐकलेला होता. आढ्यावरून उंदीर पडला की घर सोडायचं, हा तेव्हाचा नियम. गावाबाहेर मळ्यात झोपड्या घालून दोन-दोन महिने राहायचं. परत यायचं ते घराची कौलं उतरवून, ऊन आत घेऊन मग. हे सगळं ती मला टीव्हीकडे बघत सांगत होती, आणि पडद्यावर चौकात शवपेट्यांची रांग चालली होती. मला कळेना कोणती गोष्ट ऐकू आणि कोणती पाहू.

तुम्ही हा सिनेमा कुठे, कसा पाहिला? आणि कोणाला भीती वाटली नाही का? वाटली नसेल तर तेही लिहा.

---

रातकिडा

मी हात वर करतो. भीती वाटली नाही, झोप आली. हार्कर डोंगरातून चालतोय, चालतोय, ढग जातायत, धबधबा वाहतोय. अरे पोहोच ना बाबा! मला व्हॅम्पायर म्हणजे १९५८ चा ख्रिस्तोफर ली. उंचापुरा, काळा झगा, डोळ्यांत रक्त. जिना उतरून येतो, दोन वाक्यं रुबाबात बोलतो, खोलीतली हवा बदलते. ब्रिटिशांच्या हॅमर कंपनीने भीतीला रंग दिला. किन्स्कीचा काउंट आजारी वाटतो, त्याला सलाइन लावावं असं वाटतं.

बर्डीवाला

रातकिडासाहेब, सलाइन लावावं वाटलं हे तुम्ही टीका म्हणून लिहिलंत, मी ते दाद म्हणून घेतो. तो आजारीच आहे. ल्यूसीच्या खोलीत येऊन तो काय मागतो? जोनाथनवर करतेस त्यातलं थोडं प्रेम मला दे. आणि सांगतो काय, तर मरता न येणं हे मरणाहून वाईट आहे. लीचा ड्रॅक्युला शिकारी आहे, मला तोही आवडतो. हा मात्र दारावर उभा राहिलेला, ज्याला कोणी या-बसा म्हणणार नाही असा म्हातारा पाहुणा आहे.

तर्रीबाज

भाऊ, वर्धा रोडवर प्लॉट पाहायला गेलो होतो मागच्या महिन्यात. एजंट खुदुखुदु हसूनच बोलून राहिला होता. आता तुमचा धागा वाचला आन् इसार द्यायचा थांबवला. 😄

मस्करी जाऊ द्या. तो रेनफिल्डचं काम करणारा कोण आहे? त्याचं हसणं ऐकून आमच्या घरचं कुत्रं उठून बसलं.

अबोली

@तर्रीबाज, तो रोलाँ तोपोर. मुळात चित्रकार आणि लेखक, फ्रेंच. नट म्हणून त्याची ओळख नव्हती, पण ते हसणं त्याचं स्वतःचं आहे.

धागा छान. थोडी भर घालते, कारण मूकपटाचा विषय निघालाच आहे. बर्डीवाल्यांची चूक फार चुकीची नव्हती! हेर्झोगचा सिनेमा ज्याच्यावर बेतलाय तो जर्मन दिग्दर्शक मुर्नाउचा 'नोस्फेरातू' १९२२ चा मूकपटच. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीचे हक्क त्या मंडळींनी घेतले नव्हते. म्हणून नावं बदलली: ड्रॅक्युलाचा झाला ऑरलॉक, हार्करचा हुटर. तरी स्टोकरच्या विधवेने, फ्लोरेन्सने, कोर्टात खेचलं. कंपनीचं तोवर दिवाळं निघालं होतं, पैसे मिळण्यासारखे नव्हते. कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. काही प्रती देशाबाहेर गेलेल्या होत्या, त्यांनी तो सिनेमा वाचवला. म्हणजे मारूनही न मेलेला सिनेमा, विषयाला शोभेल असा.

अजून एक. सूर्याच्या उजेडात व्हॅम्पायर मरतो हे आपण आता वेदवाक्य धरून चालतो ना? कादंबरीत तसं नाही. तिथे ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनमध्ये हिंडतो, फक्त त्याची शक्ती कमी होते. उजेडाने मरणं आलं ते मुर्नाउच्या सिनेमातून. आणि गावात प्लेग येणं हेही त्याचंच, स्टोकरचं नाही.

हेर्झोगच्या वेळेपर्यंत कादंबरी कोणाच्या मालकीची राहिली नव्हती, म्हणून त्याने मूळ नावं परत आणली.

बर्डीवाला

अबोलीताई, हक्क न घेता केलेला व्यवहार आणि मागाहून वारसदार हजर! आमच्या धंद्यातली रोजची गोष्ट. हे मला माहीत असतं तर धाग्याची सुरुवात इथूनच केली असती.

कसबेकर

पुण्यातून हजेरी. १८९७ वाचून थबकलो. कादंबरी बाहेर आली मे १८९७ मध्ये. त्याच वेळी आमच्या पुण्यात प्लेग, घराघरांत शिरून झडत्या, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळी. तिकडे लंडनात लोक पूर्वेकडून येणाऱ्या रक्तपिपासू पाहुण्याची गोष्ट वाचत होते आणि इकडे लोकांच्या देवघरापर्यंत बूट घालून कोण शिरत होतं ते आपल्याला ठाऊक आहे. स्टोकरच्या मनात हे असण्याचं काही कारण नाही. माझ्या मनात मात्र आता दोन्ही एकत्र बसलं, निघायचं नाही.

तर्रीबाज

पुणेकर आले, इतिहास आला. 🙏

सूक्ष्मदर्शी

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. बर्डीवाल्यांच्या आजींना माझा नमस्कार. पहिल्या व्याख्यानात मुलांना जे सांगायला मला पाऊण तास लागतो ते त्यांनी एका ओळीत सांगितलं.

प्लेगचा जंतू मुळात उंदरांचा आणि पिसवांचा. पिसू आजारी उंदराचं रक्त पिते, जंतू तिच्या पोटात वाढून अन्नाची वाट बुजवतात. मग ती उपाशी पिसू पुन्हापुन्हा चावते आणि दर चाव्याला जंतू समोरच्याच्या अंगात ओकते. उंदीर मेला, थंड पडला, की पिसवा नवं गरम अंग शोधतात. घरात उंदीर पटापट मरू लागले म्हणजे त्यांच्यावरच्या पिसवा आता माणसांकडे निघाल्या. म्हणून "उंदीर पडले" की घर सोडायचं. लोकांना पिसवांचं कारण माहीत नव्हतं, पण हिशेब बरोबर होता. जंतू १८९४ मध्ये येर्सिनने हाँगकाँगला शोधला आणि पिसवांचा दुवा १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँने दाखवला, तोही आपल्याच उपखंडात, कराचीत. त्यावर बरीच वर्षं कोणी विश्वास ठेवला नाही.

तेव्हा शास्त्राच्या हिशेबाने हेर्झोगचे ठणठणीत उंदीर चूक आहेत. पण खरं रक्त पिणारी, पोट न भरणारी, एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाणारी ती पिसू... पडद्यावर नाही, आणि किन्स्कीच्या रूपाने आहे! मला वाटतं सिनेमात व्हॅम्पायर हा उंदीर नाहीच, पिसू आहे.

१९९४ च्या सप्टेंबरात सुरतेचा प्लेग झाला तेव्हा मी शिकत होते. इथे नागपुरातही टेट्रासायक्लिनसाठी औषधांच्या दुकानांसमोर लोक उभे होते. तोंडाला रुमाल बांधलेले बाबा अजून आठवतात.

मनीमाऊ

उंदरांवर सगळे एवढं प्रेमाने बोलताय, तर हेही सांगायला हवं. ते उंदीर करड्या रंगाचे नव्हतेच. हंगेरीहून आणलेले प्रयोगशाळेतले पांढरे उंदीर होते, सुमारे ११,०००, आणि त्यांना रंगवलं होतं. उंदरांचा जाणकार म्हणून डच लेखक आणि जीवशास्त्रज्ञ मार्टेन ट हार्ट यांना बोलावलं होतं. प्रवासात उंदरांचे इतके हाल झाले होते की ते एकमेकांना खाऊ लागले होते, आणि रंगवताना गरम पाण्यात बुडवल्याने कितीतरी मेले, असं त्यांनी सांगितलंय. ते काम सोडून गेले.

सिनेमातलं विस्मार जिथे चित्रित झालं त्या हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावाने तर उंदीर सोडायला परवानगीच दिली नाही. तो भाग मग शेजारच्या स्खीडामला जाऊन चित्रित केला. मला सिनेमा आवडतो. जहाजाचा प्रसंग मात्र मी आता पाहू शकत नाही, तिथे मी पुढे ढकलते.

रातकिडा

हे माहीत नव्हतं. आता तर मी पाहणारच नाही.

बर्डीवाला

मनीमाऊ, बरं केलंत लिहिलंत ते. मला हे अर्धवट माहीत होतं आणि धाग्यात टाळलं होतं, खोटं कशाला बोलू. कौतुकाच्या भरात सोयीचं तेवढं लिहिलं गेलं. आजीचा प्रश्न मला आता जरा वेगळाच ऐकू येतो.

ध्वनिवेडा

कूलरच्या आवाजात पाहिलात! साहेब, तुम्ही अर्धा सिनेमा पाहिलाच नाहीत. संगीत पोपोल वू ह्या जर्मन गटाचं, म्हणजे फ्लोरियान फ्रिकेचं. ममींवर जो घुमटातून आल्यासारखा खर्जातला समूहस्वर आहे, तो दोनच स्वरांवर डुलत राहतो. आपल्याकडे तानपुरा जुळत असताना गाणं सुरू होण्याआधीची जी बेचैनी असते, तशी. फक्त गाणं सुरूच होत नाही.

रातकिडा ज्याला "चालतोय, चालतोय" म्हणाले तिथे वाग्नरच्या 'राइनगोल्ड' ह्या ऑपेराचं सुरुवातीचं संगीत आहे. एकाच स्वरसंगतीवर चार-साडेचार मिनिटं उभं राहिलेलं. चढत जातं, बदलत नाही. ढग धावतायत, संगीत जागचं हलत नाही आणि मधोमध हा मुंगीएवढा कारकून. मोबाइलच्या स्पीकरवर पाहिलं तर झोप येणारच. एकदा बरे हेडफोन लावून तेवढाच भाग ऐका.

आणि एक जॉर्जियन लोकगीत आहे, 'त्सिंत्सकारो', पुरुषांच्या आवाजातलं. इंग्लिश गायिका केट बुशने ते ह्या सिनेमात ऐकलं आणि १९८५ च्या आपल्या तबकडीत त्याचे सूर घेतले. मी उलटा प्रवास केला, तिच्या गाण्यावरून सिनेमापाशी आलो.

कावेरी_म

सगळं वाचलं. आता थोडं भांडते.

बर्डीवाले दादा, तुम्ही सहीवर अख्खा परिच्छेद लिहिलात, आणि ल्यूसीच्या वाट्याला काय? "नको म्हणते." बास? सिनेमात काम करणारी एकटी तीच आहे. नवरा परत येतो तो तिला ओळखत नाही. गावाचा कारभार कोलमडलाय. डॉक्टर व्हॅन हेल्सिंग, जो बाकीच्या सगळ्या ड्रॅक्युलांमध्ये हिरो असतो, तो इथे म्हणतो आधी शास्त्रीय चौकशी करू, घाई नको. ही गल्लोगल्ली फिरून सांगते की मला माहितेय हे कशाने होतंय. कोणी ऐकत नाही. पोथी ती वाचते, शवपेट्या ती शोधते, आणि शेवटी काउंटला पहाटेपर्यंत अडकवून ठेवायला स्वतः आडवी होते.

आरशाचा प्रसंग घ्या. ती केस विंचरत बसलीय. आरशात तिच्यामागचं दार उघडताना दिसतं. आपोआप. सावली आत येते. आरशात माणूस नाही. ती किंचाळत नाही, शांतपणे बोलते त्याच्याशी. अजानीचा चेहरा तिथे मूकपटातल्या नटीसारखा, डोळेच डोळे. ह्या बाईला भूत दारात आल्यावर भीती वाटत नाही, कारण तिने ती आधीच, सगळे झोपलेले असताना, भोगून संपवलीय. पहिल्याच प्रसंगात ती स्वप्नातून दचकून उठते, आठवतंय?

आणि एवढं करून तिच्या हाती काय येतं? ती मरते. काउंट मरतो. नवरा खुर्चीत बसून नवा काउंट होतो. माझ्या आजोळी असा प्रकार पाहिलाय मी, भुताशिवाय.

बर्डीवाला

कावेरीताई, कान धरलात, मान्य. दस्तात बायकोची संमती घेतलीच नव्हती, असं म्हणू का? तिची सही लागली असती तर व्यवहार तिथेच अडला असता.

पण खुर्चीची गोष्ट काढलीत ते बरं झालं, मला शेवटाबद्दल लिहायचंच होतं. ल्यूसीने नवऱ्याच्या खुर्चीभोवती प्रसादाच्या पोळीचा चुरा, म्हणजे चर्चमधला पवित्र प्रसाद, गोल टाकून ठेवलाय. त्या रेघेबाहेर तो येऊ शकत नाही. ल्यूसी गेली, काउंट गेला, उजाडलं. आता आपण सुटलो असं वाटतं. आणि हार्कर मोलकरणीला सांगतो, इथे कचरा पडलाय, जरा झाडून घे.

ती झाडून घेते.

एवढंच. खराट्याचे तीन-चार फटकारे. घरातली रोजची कामाची बाई, तिचं रोजचं काम, मालकाने सांगितलं म्हणून. आजी त्या जागी एकदम उठून बसली आणि टीव्हीला म्हणाली, "अवो बाई, नको झाडू!" तिला भाषा कळत नव्हती, क्रूस-प्रसाद कळत नव्हता. पण घरातून माणूस गेल्यावर झाडायचं कधी आणि नाही कधी, रेघ कोणी ओढली आणि ती कोणी पुसायची नाही, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. वर गच्चीवरून वडिलांनी विचारलं, काय झालं गं आत्या? ती म्हणाली, "काही नाही, सिनेमात झाडून राहिली."

तर्रीबाज

हे वाचून मले काटा आला बाप्पा. आता सकाळी बाई झाडायले आली तर काय करू?

अबोली

आणि त्याच्याच जोडीला व्हॅन हेल्सिंगची अटक! काउंटच्या छातीत खुंटा ठोकल्याबद्दल त्याला धरायचा हुकूम होतो, तर धरायला पोलीस उरलेले नाहीत, ठेवायला तुरुंग चालू नाही. सगळे प्लेगात गेले. कायदा शिल्लक आहे, माणसं नाहीत. मला तिथे मोठ्याने हसू आलं होतं आणि मग वाईट वाटलं हसल्याचं.

सूक्ष्मदर्शी

चौकातल्या जेवणाबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? माझ्या मते सिनेमाचं काळीज ते आहे. गाव मरतंय. चौकात शेळ्या-मेंढ्या मोकाट, लोक घरातलं सामान जाळतायत, काहीजण हात धरून नाचतायत. मधोमध एक लांब टेबल, त्यावर पांढरा कपडा, काचेचे पेले, नटूनथटून बसलेली माणसं जेवतायत. पायांत उंदीर. ल्यूसीलाही बोलावतात, या, बसा. सांगतात, आम्हा सगळ्यांनाच लागण झालीय, उरलेले दिवस नीट घालवू. पुढच्या क्षणी तेच टेबल, त्याच खुर्च्या, माणसं नाहीत. उंदीर ताटांत.

एप्रिल २०२० मध्ये मला ड्यूटीसाठी पास होता. सकाळी साडेदहाला झाशी राणी चौकातून गेले. एक माणूस नाही. सिग्नल मात्र चालू होते, लाल, हिरवा, लाल. मी लाल दिव्याला थांबले. पूर्ण रिकाम्या चौकात, एकटी, नव्वद सेकंद. मला ते टेबल आठवलं.

बर्डीवाला

माझं ऑफिस तिथून चालत पाच मिनिटांवर. त्या महिन्यात रजिस्ट्री बंद होती. नोंदवहीत शेवटची नोंद मार्चची आणि पुढची पानं कोरी. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तिसऱ्यांदा सिनेमा पाहिला तो तेव्हाच, रंगीत आणि आवाजासकट. आजी २००१ ला गेली. रंग पाहून मी जरा गोंधळलोच. यॉर्ग श्मिट-राइटवाइनचा कॅमेरा आहे, रंग असूनही नसल्यासारखे. राखाडी, निळसर, पिठासारखं पांढरं. म्हणजे माझ्या जुन्या टीव्हीने फार काही चोरलं नव्हतं.

कसबेकर

नेपथ्याचं नाव राहिलं: हेनिंग फॉन गिर्के. १९७९ च्या बर्लिन महोत्सवात त्याला त्याच कामासाठी रौप्य अस्वल मिळालं. आणि गंमत म्हणजे ल्यूबेक शहरातली विटांची जुनी मिठाची गोदामं मुर्नाउच्या सिनेमात आहेत तशी हेर्झोगच्याही आहेत. भुताने दोन्ही वेळा तीच मालमत्ता पसंत केली.

बर्डीवाला

कसबेकर, गोदामाला निवासी दाखवून विकलं म्हणा की! अकृषिक परवानगी तपासायला हवी.

रातकिडा

आठ दिवसांनी परत आलो. पाहणार नाही म्हणालो होतो, पाहिला. हेडफोन लावून, रात्री एकला, ध्वनिवेडा यांच्या सांगण्यावरून. उंदरांच्या जागी मनीमाऊंसारखं पुढे ढकललं.

चालणं मला अजूनही लांब वाटतं. मत बदललेलं नाही. ली तो ली. पण एक कबूल करतो. सिनेमा संपल्यावर लीच्या सिनेमानंतर मी दार नीट लागलंय ना बघतो. ह्याच्यानंतर तसं केलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो, मग बायको झोपलीय त्या खोलीत बघितलं, मग आईच्या खोलीत. सगळे जागेवर होते. किन्स्कीला कोणी आत घेत नाही म्हणून तो आत येतो, हे तुमचं वाक्य डोक्यात राहिलं. तुम्ही नेमकं असं लिहिलं नव्हतं, पण मी असं वाचलं.

आणि तो शेवट. वाळूच्या मैदानातून घोड्यावर चाललेला हार्कर, वाळू जमिनीसरशी उडतेय, वरून चर्चमधलं इतकं सुंदर गाणं का लावलंय?

ध्वनिवेडा

गुनो ह्या फ्रेंच संगीतकाराच्या 'मास'मधलं, म्हणजे चर्चच्या प्रार्थनाविधीच्या संगीतातलं, 'सांक्टुस' आहे ते. देवाच्या पवित्रतेची स्तुती. भूत मोकळं सुटलंय आणि पाठीमागे आरती चालू आहे, असं समजा.

तर्रीबाज

बर्डीवाले भाऊ, एकदा सगळ्यांनी मिळून पाहू ना. तुमच्या गच्चीवर. पडदा मी आणतो, पोहे-तर्री माझ्याकडे. कावेरीताई, सूक्ष्मदर्शी मॅडम, तुम्हीबी या. पुणेकरांले स्टेशनवर घ्यायले येतो.

कावेरी_म

येते. पण शेवटी झाडायचं काम पुरुषांपैकी कोणीतरी करायचं.

बर्डीवाला

या सगळे. शनिवारी, रात्री साडेनऊ, पत्ता व्यक्तिगत निरोपात टाकतो. जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही अजून माळ्यावर आहे, चालत नाही, पण बाजूला मांडून ठेवीन. ध्वनिवेडा, स्पीकरचं तुमच्याकडे. गच्चीवर वारा नसतो, उकडेल, ओला रुमाल आणजा सोबत. कूलर लावणार नाही.